जिभेवरचं पाणी

अराबामावशी सहा दिवस भट्टीच्या धुरावर मासळी सुकवून विकायची. मंगळवारी आमच्या होड्या समुद्रात जात नाहीत, त्या दिवशी ती पाहुण्यांची बारशी करायची.

घानाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात अमेरिकेतून, जमैकातून बसगाड्या भरून माणसं येतात. ज्यांच्या पूर्वजांना साखळदंड घालून जहाजांत कोंबलं, त्यांची ही लेकरं. सकाळी, जिथं त्या पूर्वजांना कोंडलं होतं तो किल्ला बघून रडतात आणि दुपारी आमच्या घराण्याच्या अंगणात, ढोलांच्या गजरात, त्यांना इथलं नाव मिळतं. मावशी बोट पाण्यात बुडवून त्यांच्या जिभेवर ठेवायची, मग दारूत बुडवून. "पाणी असेल तर पाणी म्हण, दारू असेल तर दारू म्हण." तान्ह्या बाळालाही आम्ही असंच करतो. जिभेनं खरं बोलायला शिकावं म्हणून.

पाहुणे गळ्यात पडले की मावशीलाही हुंदका आवरत नसे. का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जहाजं थांबली तरी माणसांचा बाजार थांबला नव्हता. मावशीची पणजी उत्तरेकडून विकत आणलेली पोर. आमच्याच घरात राबली, इथंच बाळंत झाली, इथलीच झाली.

पण कुणाचं मूळ कुठलं हे आमच्यात तोंडातून काढायचं नसतं. काढलं तर मेंढी दंड. कुणी कुणाला हिणवू नये म्हणून केलेला कायदा, चांगलाच आहे. न बोलताही माणसाला त्याची जागा दाखवता येते, ही गोष्ट वेगळी. हे सांगतेय म्हणजे माझी मेंढी गेलीच. जाऊ दे.

गेल्या वर्षी घराण्याची कर्ती बाई वारली. तिच्या आसनावर मावशीच बसणार, असं मी धरूनच चालले होते. वयानं मोठी, आणि सगळ्या घराचा गाडा ओढणारी. आसनावर बसायच्या दिवसासाठी तिनं पांढरं कापडही शिवायला टाकलं होतं. नाना एसेल आमचे कर्ते पुरुष. त्यांनी आपल्या भाचीचं नाव सांगितलं. भाची राजधानीत, आक्राला राहते, सणाला येते, जेवते, जाते.

"नाना, माझं काय चुकलं?" मावशीनं विचारलं.

"चुकलं कुठं काय? तुझ्याशिवाय इथं पान हलत नाही. पण ते आसन जरा वेगळं असतं गं."

"वेगळं म्हणजे?"

"आता सगळं मलाच बोलायला लावू नकोस, अराबा. कायदा तुलाही ठाऊक आहे."

मावशी उठून भट्टीपाशी गेली. मला नानांचा असा संताप आला की त्यांची काठी मोडावीशी वाटली.

पुढच्याच मंगळवारी लोरेटा नावाची म्हातारी नर्स आली, अलाबामाची. दुभाषी मी होते. जीभ बाहेर काढण्याआधी तिनं विचारलं, "आमची माणसं जहाजातून गेली. जी इथंच विकली गेली, त्यांची लेकरं कुठं आहेत? मला त्यांना भेटायचंय."

मी जसंच्या तसं सांगितलं. ढोलवाल्यांचे हात थांबले.

"सांग तिला, आम्ही सगळे एकच कुटुंब," नाना खुर्चीतून हसून म्हणाले. "आटप अराबा, पाहुण्या उन्हात उभ्या आहेत."

मावशीनं स्वतःच्या तोंडानं आपलं मूळ सांगितलं असतं, तर ती घराण्याची उरली नसती; राहतं घर गेलं असतं आणि मेल्यावर घराण्याच्या जमिनीत जागा मिळाली नसती. मला भीती वाटत होती ती बोलेल याची, आणि त्याहून जास्त, ती बोलणार नाही याची.

तिनं लोरेटाच्या जिभेवर पाणी ठेवलं, मग दारू. लोरेटानं दोन्ही वेळा बरोबर सांगितलं. मग मावशीनं बोट पुन्हा दारूत बुडवलं आणि स्वतःच्या जिभेवर ठेवलं. असं कुणी करत नाही.

नानांकडे बघत ती खणखणीत आवाजात म्हणाली, "पाणी."

पाहुण्यांना वाटलं, हाही बारशाचाच भाग. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. आमच्या घरातल्या एकानंही मान वर केली नाही.