आक्काच्या बाजूचं दार

काय मंडळी, बरे आहात ना? पुण्याच्या वहिनी, गुडघा वाकतो का आता, का अजून जिना बघितला की देव आठवतो? देगलूरचे मास्तर, मोतीबिंदू काढला का? काढला असेल तर खालचं नीट वाचा. परभणीचे दादाराव, साखर उतरली का? आणि नाव न सांगता ‘म्हातारा भंगार जपतो’ असं लिहिणारे गृहस्थ, तुमची तब्येत तर ठणठणीतच असणार!

तर त्याच भंगाराची ही गोष्ट. माझी ॲम्बॅसेडर माझ्या लग्नाएवढी जुनी. मोबाईलवर व्हिडिओ बघून मी तिचं डावं पुढचं दार स्वतः बदललं. फट दिसली तिथं पुट्टी थापली. दिवाळीत थोरली बहीण आक्का शेजारी बसली आणि वळणावर दार सताड उघडलं. तेव्हापासून तिचं एकच. “बापू, दार धड लागल्याबिगर तुझ्या गाडीत पाय ठेवणार न्हाई.” आक्का ऐंशीच्या घरातली, लातूरला एकटी. तिथं पाणी रेल्वेनं येऊन राहिलंय, नळाला कधी येईल ते नळालाच ठाऊक. एसटीत तिला मळमळतं. म्हणजे दार बसलं तरच आक्का माझ्याकडं नायगावला येणार.

सकाळी सहाला निघालो. हल्ली लातूरला जाणारा पाहुणा पेढे नेत नाही, पाणी नेतो. आमच्या बोअरला अजून धुगधुगी आहे, म्हणून वीस-वीस लिटरचे दहा जार भरले. सात डिकीत, तीन मागच्या सीटवर. नांदेडच्या जुन्या बाजारात मूळ कंपनीचं दार मिळालं. भाव निम्म्यावर येतो, पण निम्मा दिवस भांडायची तयारी ठेवा. लोह्यात मिसळ खाल्ली. तिखट होती, आणि पाणी मागितलं की हॉटेलवाला आपल्याकडं हुंडा मागणाऱ्या जावयाकडं बघावं तसं बघतो.

अहमदपूरला गाड्यांचे पत्रे सरळ करणारा डेंटर खाजामिस्त्री. त्यानं माझी पुट्टी नखानं उकरली.

“काका, हे दार तुम्ही बसवलं का लिंपलं?”

त्यानं मागच्या दारापासून सुरुवात केली. ते नीट, मग पुढचं, मग मडगार्ड, बॉनेट शेवटी. बिजागरीचे बोल्ट सैल ठेवायचे, दुमडलेला पुठ्ठा फटीतून चौफेर फिरवायचा, सगळीकडं सारखा सरकला तरच आवळायचं. मी हेच उलटं केलं होतं. आधी आवळलं, मग रडलो.

“डिकीतले जार खाली घ्या,” मिस्त्री म्हणाला. “वजन ठेवून फट बघत न्हाईत. खालचा पत्रा गंजलाय, गाडी वाकते.”

“पाणी रस्त्यावर ठेवू? तू दारात मान घालशील तवर अहमदपूर पिऊन टाकील!”

“जशी तुमची मर्जी.”

शेजारच्या पानटपरीवर दोघं नव्या जिल्ह्यावरून हमरीतुमरीवर आलेले. एक उदगीरचा, एक इथला. “जिल्हा झाला की कलेक्टर येईल, मग बंगला, मग बंगल्याला नळ,” इथला म्हणाला.

मिस्त्रीनं मान बाहेर काढली. “अन् नळाला पाणी?”

“त्यासाठी अजून एक जिल्हा मागू की!”

दार बसलं. टक्क! नव्या नवरीनं कपाट लावावं तसा आवाज. मी लातूरपर्यंत मिशीला पीळ देत गेलो.

आक्काच्या गल्लीत पाणी उतरलं तसं तिनं सात जार शेजारणींना वाटले. तीन ठेवले, तेही भाडेकरणीसाठी. मग दोन लुगड्यांचं गाठोडं घेऊन आली. “चार दिवस येते. पाचव्या दिवशी आणून सोड.”

दार ओढलं तर मधल्या खांबावर खट्ट! पाणी उतरलं, गाडीचं बूड वर आलं, चौकट बदलली. मिस्त्रीला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. “आता तेवढंच वजन घाला, काका!”

लातुरात दोनशे लिटर पाणी मागायचं कुणाला? आक्कानं गाडीकडं बघितलं, मग घराकडं. “जातं घाल.”

घातलं. “लागलं का?”

“जरा कमी पडतंय.”

“पाटा-वरवंटा घाल. शिलाई मशीन घाल.” शेवटी भांड्यांची लोखंडी ट्रंक आली. टक्क! आक्का आत बसली, दार स्वतः तीनदा लावून बघितलं, आणि म्हणाली, “तुझ्या कारागिरीपायी माझं घर रिकामं झालं बघ.” पण उतरली नाही.

तर जुनी गाडी घेणाऱ्यांनो, पाणी उतरवा, मगच बोल्ट आवळा. अहमदपूर-लातूर रस्ता बरा आहे, फक्त चाकूरच्या पुढं खड्डे चुकवावे लागतात.

आज तीन आठवडे झाले. जातं स्वयंपाकघरात मांडलंय, मशीन खिडकीशी. गाडी रिकामी, त्यामुळं दार लागत नाही. आक्का रोज विचारते, “झालं का दार?” मी पाना हातात घेऊन म्हणतो, “करून राहिलो.” अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्याकडं पाणी किती, माणसं किती, लवकर लिहा. फक्त दाराचा उपाय सुचवू नका. तुमच्या कमेंटी आक्का वाचते.