जनावरांना पाणी पाजलं का?

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. ज्या प्रोग्रामवर माझं नाव झालं, तो माझ्या थोरल्या साडूंनी लिहिला होता आणि मी तो चोरला.

साडूंसारखा प्रोग्रामर पाटोद्यात काय, साऱ्या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. दूध संस्थेच्या मागच्या खोलीत, रिकाम्या क्रेटवर संगणक मांडून, मांडी घालून ते दोन बोटांनी कोड लिहीत. वीज गेली तरी बोटं हवेत चालूच. ओळ अडली की उठून गाईची मान खाजवून येत, आणि ओळ सुटलेली असे. धूळ बसू नये म्हणून संगणकाला अक्कांचं, म्हणजे माझ्या मेहुणीचं, जुनं लुगडं गुंडाळलेलं. प्रोग्रामही त्यांच्यासारखाच तोंडाळ. एका सचिवानं शेळी म्हैस म्हणून नोंदवली, तर पडद्यावर उमटलं, 'डोळे धुऊन या राव!'

दुष्काळात सहकारी संस्थांनी जनावरांच्या छावण्या उघडल्या, तेव्हा साडूंनी चारापाण्याच्या हिशेबाचा प्रोग्राम केला. उघडला की तो आधी विचारी, 'जनावरांना पाणी पाजलं का?' होय म्हटल्याशिवाय पुढं सरकत नसे.

त्याच वेळी पुण्याच्या कंपन्या भाव पाडून बीडमधलं माझं छोटं ऑफिस गिळायला निघाल्या होत्या. साऱ्या छावण्यांचं काम एकालाच मिळणार होतं. साडू धार काढायला गेले, तेवढ्यात मी त्यांचा कोड पेनड्राइव्हवर घेतला. पासवर्ड अक्कांचं नाव. घरात सगळ्यांना ठाऊक. मी रंग बदलले, भाषा शिष्ट केली. 'पशुधनास पाणी दिले आहे काय?' 'नाही' दाबल्यावर काय होतं ते बघितलंच नाही. नाही कोण म्हणणार?

छावण्यांचं काम देणाऱ्या सहकारी संघाचे अध्यक्षच म्हणाले. संघाच्या सभागृहात त्याच कामासाठी आलेल्या साडूंचा प्रोग्राम दाखवून झाला, तोवर मी बाहेर बसलो होतो. माझी पाळी आली, अध्यक्षांनी हसत 'नाही' दाबलं आणि भिंतीभर अक्षरं आली, 'मग हितं काय बसलास बे? ऊठ, आधी पाणी पाज!'

साडूंच्या वेळी ह्याच ओळीवर सभागृह हसलं होतं, असं मला मागून कळलं. आता कुणी हसेना.

"कुनी कुनाचं चोरलं?" अध्यक्षांनी विचारलं.

साडूंनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडं. उभे राहिले. "मीच. ह्यांच्या हापिसातून उचललं."

मी मान खाली घालून पेनड्राइव्ह खिशात टाकला. जन्मात मी कुणाला 'बे' म्हटलेलं नव्हतं, तरी कुणाला शंका आली नाही. माझा शर्ट इस्त्रीचा होता. त्यांच्या पायजम्याला शेण लागलेलं होतं.

साडूंना घरी सोडायला जाताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहाला थांबलो. "कावून केलंत हो असं?" मी कसंबसं विचारलं.

"दोघी भैनी हायेत. तुमी चोर ठरला असता तर एकीनं दुसरीच्या दारात पाय ठेवला नसता. मला चोर म्हनलं तर काय, दूध थोडंच नासतंय?" बशीतला चहा फुंकत ते पुढं म्हणाले, "फकस्त तो प्रश्न काढू नका. लई कामाचा हाय."

काम मला मिळालं. साडूंना नंतर एकाही संस्थेनं दारात उभं केलं नाही. मागच्या खोलीत पेंडीची पोती रचली गेली. आता ते नुसत्या गाई सांभाळतात. दिवाळीला आम्ही जातो, अक्का आग्रहानं वाढतात. हात धुताना साडू हळूच विचारतात, "अजून इचारतो का ओ त्यो?"

"विचारतो."

त्यांचा चेहरा खुलतो, आणि मी धुतलेले हात परत धूत राहतो.

त्याच सभागृहात, त्याच लोकांपुढं उभं राहून 'हे साडूंचं, चोर मी' एवढं म्हणायचं मी त्यांना देणं लागतो. ते अजून म्हटलेलं नाही.