पत्रिकेतला नववा क्रमांक

बाळांनो,

परवा तुम्ही दोघांनी गळ्यात पदकं घातलेला फोटो पाठवलात. कुठल्याशा देशातल्या मुलांच्या औषधांसाठी पाच किलोमीटर धावलात, आणि खाली विचारलंत, "आजी, तू कधी धावलीस का?" मी नुसता अंगठा पाठवला. दोन दिवस तो अंगठा मलाच सलतो आहे, म्हणून लिहायला बसले. धावले होते, एकदाच. त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची होते. सोनपेठकडच्या गावांतली पुष्कळ माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परततात. तान्ह्या मुलांच्या लसी तेवढ्या काळात बुडतात. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण ती वस्तीपर्यंत न्यायला गाडी हवी, बर्फाची पेटी हवी. शर्यतीच्या वर्गणीतून परभणीतल्या आमच्या मंडळाने ती सोय करायची ठरवली. शर्यत ज्या गावच्या शाळेत संपणार, तिथेच त्या दिवशी पहिलं लसीकरण. कल्पना चांगली होती, असं मी आजही म्हणेन.

कार्यक्रमपत्रिका मी तयार केली. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, बक्षिसं, मनोगतं, अध्यक्षीय भाषण, आभार. नववं, लसीकरण, साडेदहा वाजता. हा क्रम मला कुणी सांगितला नव्हता. शाळेत इतकी वर्षं स्नेहसंमेलनं केली होती, हाताने आपोआप तसंच लिहिलं.

कॅनव्हासचे बूट घालून, पदर खोचून मी अर्धा किलोमीटर धावले आणि पुढे चालले. कापूस वेचणाऱ्या बाया बांधावर येऊन हसत होत्या. "आजी, माघं कुत्रं लागलंय का वो?" मीही हसले. मजेत होते मी, हेही सांगायला हवं.

शाळेच्या कडुलिंबाखाली आया मुलांना घेऊन बसल्या होत्या. पुढेच बसलेल्या एकीच्या मांडीवर नऊ महिन्यांची मुलगी होती. तिची गोवराची सुई त्याच आठवड्यात द्यायची होती. लसीचं कार्ड आईने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं.

"बाई, आमची गाडी बाराला निघायलीय. पोरीची सुई तेवढी आधी उरकता का?"

मी हातातला कागद पाहिला. "साडेदहाला आहे," म्हणाले.

साडेदहाला सत्कार चालू होते. शाल, नारळ, टाळ्या. ज्यांचे राहिले त्यांचे पुन्हा. मग सर्वांत वयस्क धावक म्हणून माझाही झाला आणि मी तो घेतला. फोटोत लस दिसायला हवी म्हणून कुणीतरी पेटी उघडली, बर्फाच्या पिशव्या बाजूला काढल्या आणि बाटल्या समईशेजारी उन्हात ओळीने मांडल्या. फोटो निघाले. नंतर भाषणं सुरू झाली आणि बाटल्या तशाच राहिल्या. मी स्टेजवरच बसले होते. माझं लक्ष घड्याळाकडे होतं, बाटल्यांकडे नव्हतं.

नर्सबाईंना स्टेजवर खुर्ची नव्हती. त्या मागे वर्गात बसल्या होत्या. पावणेबाराला त्यांना बोलावलं.

"बर्फ कुणी काढला हा?"

त्यांनी एक बाटली हातात धरून पाहिली. "या मी देणार नाही. गरम झाल्यात."

अध्यक्ष हसले. "सिस्टर, एवढ्यानं काय होतंय? टोचा."

"साहेब, तुमच्या नातीला टोचू का?"

नर्सबाई कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून दवाखान्यातून ताजी लस आणायला निघाल्या. इतक्यात फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजला. मी मुकादमाकडे गेले. टोळी नेणारा तोच. तासभर थांबा म्हणून हात जोडले.

"आक्का, मी काय पाव्हणा हाय व्हय थांबायला?" तो म्हणाला. "तिकडं पोचायला उशीर झाला की शिव्या मला बसत्यात."

ती आई मुलीला काखेत घेऊन ट्रककडे निघाली. बरोबरची म्हातारी मात्र माझ्यासमोर थांबली. माझ्या खांद्यावर शाल होतीच. "पळाले तुमी, शाली तुमाला. सुई आमाला, तर आमीच शेवटी?"

नर्सबाई पाऊण वाजता परतल्या. ज्यांना ऊसतोडीला जायचं नव्हतं त्यांच्या मुलांना लस मिळाली. दुसऱ्या दिवशी पेपरात शालीसकट माझा फोटो होता आणि कार्यक्रम यशस्वी झाला होता.

माघात, उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत, त्या मुलीला गोवर झाला. जगली. पण कान फुटले आणि डावा कायमचा गेला. उन्हाळ्यात त्यांच्या घरी गेले तेव्हा आई मला म्हणाली, "तुमी तर आमच्यासाठी पळाला होता की, बाई." तिने तोंडावर चार शब्द सुनावले असते तर मला चाललं असतं.

पुढच्या वर्षी मी बैठकीत म्हटलं, आधी लस, मग दिवा. "पाहुण्यांच्या आधी?" एकाने विचारलं. लेकराचा कान गेला तिथे यांना पाहुण्यांची पडली होती! मी त्याच बैठकीतून उठले आणि परत गेले नाही. तुम्ही धावलात त्यात काही चूक नाही. फक्त एवढं विचारा, की त्या मुलांना औषध कधी मिळालं, आणि त्यांच्या आधी कुणाकुणाचा नंबर लागला.

शर्यत दोन वर्षांत बंद पडली. मंडळही राहिलं नाही. पेटी आहे. तिचा पट्टा तुटलाय, पण नर्सबाई दरवर्षी दसऱ्याच्या आधी ती घेऊन वस्त्यांवर जातात. आणि मुलगी आहे. दुसरीत आहे, वर्गात उजवा कान बाईंकडे करून बसते.