शनिवारचा शिक्का

संत्र्याचा स्वाद घातलेल्या ग्लुकोजचा वास, आणि त्याच्या तळाशी पत्र्याचा, मशीनच्या तेलाचा वास. त्या सकाळी, सुट्टी असूनही बोलावणे आले म्हणून, मी कारखान्याच्या फर्स्ट एड रूममध्ये शिरले, तेव्हा हे दोन्ही वास एकमेकांत मिसळून गेले होते. बाकावर गंगाराम आडवा पडला होता. शर्ट घामाने चिंब, ओठ पांढुरके. कंपाउंडर त्याला चमच्याने ग्लुकोजचे पाणी पाजत होता. दाराशी पर्सोनेल मॅनेजर दांडेकर साहेब उभे होते. ते गंगारामकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

गंगाराम पॉवर प्रेसवर होता. पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला एका दाबात आकार देणारे यंत्र. वरचा साचा खाली येतो तेव्हा मध्ये पत्रा असावा लागतो, हात नव्हे. अशा यंत्रापुढे माणसाला क्षणभर अंधारी आली तर काय होईल, हे कारखान्यात कोणी कोणाला समजावून सांगत नाही.

"हे तिसऱ्यांदा झालं, मॅडम," दांडेकर म्हणाले. "डॉक्टरांची गोळी आहे, तुमचा चार्ट आहे, आणि माणूस पडतोच आहे. पुढच्या थर्ड शिफ्टला पडला, तर मी त्याला अनफिट लिहिणार."

त्या दिवसांत अनफिट या शब्दाचा अर्थ सरळ होता. नव्वदचे दशक सरत आले होते. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत एकेक कारखाना माणसे कमी करत होता. स्वेच्छानिवृत्तीच्या यादीत अनफिट माणसाचे नाव सर्वांत वर जाई, आणि स्वेच्छा त्या योजनेच्या नावापुरतीच होती.

मी तिथे डाएटिशियन होते. माझे काम कँटीनचे जेवण ठरवणे आणि ज्यांना मधुमेह, रक्तदाब असे काही होते, त्यांना चार्ट करून देणे. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजण्याचे माप. प्रेस चालवणाऱ्याला किती लागते आणि टेबलाशी बसणाऱ्याला किती, हे पुस्तकात सापडते. अवघड होते ते वेगळेच. आमच्याकडे तीन शिफ्ट फिरत असत. एक आठवडा माणूस पहाटे उठे, एक आठवडा दुपारी कामावर येई आणि एक आठवडा दिवसा झोपे. शरीराला एका वेळेची सवय लागेपर्यंत पुढची वेळ आलेली असे. त्यामुळे किती खायचे यापेक्षा केव्हा खायचे, हाच माझ्या चार्टचा खरा विषय होता. साखर उतरवणारी गोळी, पोट भरलेले आहे की रिकामे, हे पाहत नाही. ती आपले काम करत राहते. पोटात काही नसेल, तर साखर उतरता उतरता माणसालाही खाली आणते.

गंगारामच्या मधुमेहाचा चार्ट मी मन लावून केला होता. रात्रीच्या थर्ड शिफ्टला येण्याआधी गोळी आणि पोटभर जेवण, रात्री कँटीनचे ताट, पहाटे दूध. तो म्हणे, "तुमी लिवलंय तसंच खातो मॅडम." त्याचा आवाज खोटे बोलणाऱ्याचा नव्हता. उपास करता का, हेही मी पहिल्याच दिवशी विचारले होते. "कामाच्या दिवशी नाय," असे त्याने सांगितले होते.

माझी केबिन कँटीनच्या टोकाला होती, काचेची. मी कामगारांच्या टेबलाशी जाऊन बसले की त्यांची बोलणी थांबत. ताटात वाकून सगळे मुकाट जेवत. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये मी एकटीच बाई होते, आणि तिथे मी गेले की विषय बदलत. म्हणून मी माझा डबा काचेमागे उघडत असे. शेकडो माणसांच्या जेवणाचा आवाज, ताटांची खणखण, हसणे, "अजून एक चपाती टाक रे" हे सारे काचेपलीकडून येई; तळ्याच्या तळाशी बसून काठावरची जत्रा ऐकावी, तसे.

त्या काचेपलीकडे माझ्याशी मोकळेपणी बोलणारे एकच माणूस होते, कँटीनचे युसूफभाई. भांड्यावरचे झाकण उचलण्याआधी वाफेच्या वासावरून मीठ कमी आहे की नाही ते सांगत. मला पाहिले की त्यांची थट्टा सुरू होई.

"मॅडम, तुमची दुधीची भाजी पाहूनच माणसांचं पोट भरतं. वाढायची गरजच पडत नाही."

त्या दिवशी मी थट्टा मध्येच तोडली. गंगाराम रात्री काय खातो, ते विचारले.

"रविवारपासून गुरुवारपर्यंत मागून मागून खातो," ते म्हणाले. "शेवटच्या रात्री लायनीत येतच नाही. दूधसुद्धा नको म्हणतो. मला वाटलं, सकाळी सुट्टी, गावाला जायची घाई असेल."

आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असे. शेवटची रात्र म्हणजे शुक्रवारची. तिन्ही वेळा गंगाराम पडला होता तो त्याच रात्रीच्या शेवटी, शनिवारी सकाळी.

पुढच्या आठवड्यात तो सेकंड शिफ्टला आला. काम सुरू होण्याआधी मी त्याला केबिनमध्ये बोलावले. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, उठून जायला सोपे पडावे तसा. शुक्रवारी रात्री तुम्ही जेवत का नाही, असे मी विचारले.

"शुक्रवार कुठं, मॅडम? कुपनावर शिक्का तर शनवारचा असतो."

मग मला उलगडले. कँटीनचा क्लार्क रात्री बारा वाजता जेवणाच्या कुपनांवरचा तारखेचा शिक्का फिरवी. त्यानंतरच्या कुपनांवर दुसऱ्या दिवसाची तारीख उमटे. गंगाराम शनिवार धरत होता, मारुतीचा. शनिवारच्या कुपनावर जेवायचे कसे? आणि शनिवार सुट्टीचा वार, म्हणून 'कामाच्या दिवशी उपास नाही' हे त्याचे उत्तरही त्याच्यापरीने खरेच होते. संध्याकाळच्या जेवणावर गोळी घेऊन तो रात्रभर पत्रे उचलत होता, पोटात पुढे अन्नाचा कण नव्हता.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितले, उपास बंद. मी ते गंगारामला सांगितले.

"मग लिवा मला अनफिट," तो शांतपणे म्हणाला.

त्याने जे सांगितले ते तुटक तुटक सांगितले. घर सुरगाण्याच्या पलीकडे, डोंगरात. बायको देवकाबाई भात-नागलीची शेती पाहणारी. गावात फोन नव्हता. नोकरी लागली तेव्हा लग्न नवे होते. निघताना दोघांनी ठरवले, शनिवार दोघांनी धरायचा आणि दिवेलागणीला सोडायचा. तिने तिकडे, याने इकडे, एकाच वेळी. महिन्यातून एखाद्या शनिवारी तो गावी जाई. बाकीच्या शनिवारी वसाहतीतल्या खोलीत एकटाच ताट घेऊन उंबऱ्यापाशी बसे आणि रस्त्यावरचे दिवे लागण्याची वाट पाही.

"ती टायमाला पयला घास घेती," तो म्हणाला. "मला ठावं असतं."

त्या संध्याकाळी मी घरी आले. भाड्याची दोन खोल्यांची जागा. कुकरची शिटी, नळाचे टपटपणे, शेजारच्या घरातून येणारा जिऱ्याच्या फोडणीचा वास. मी नेहमीसारखी ओट्याशी उभ्यानेच जेवले. जेवताना मनात आले, या क्षणी माझ्याबरोबर घास उचलणारे जगात कोणी नाही. ते दुःखाने वाटले असे नाही. एखादा रकाना कोरा आहे हे लक्षात यावे, तसे वाटले. उपास बंद करा, असे मी त्याला पुन्हा सांगणार नव्हते. पण त्याचे बोट साच्याखाली सापडू द्यायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला एवढेच विचारले, देवकाबाईंचा शनिवार कधी लागतो?

"उजाडल्यावर."

"आणि तुमचा?"

तो हळूच हसला. त्याचा शनिवार तिच्या शनिवारापेक्षा कितीतरी आधी सुरू होत होता. दोघे उपास सोडत बरोबर, पण धरत मात्र वेगवेगळ्या वेळी. शुक्रवारी रात्री कँटीनमध्ये जेवलात, उजाडण्याआधी दूध घेतलेत, तर तुम्ही दोघे बरोबरीचे व्हाल, असे मी म्हणाले. त्याला ते पटले. पण तिला विचारल्याशिवाय करणार नाही, असे त्याने बजावले. त्या शनिवारी तो गावी गेला. परत आला तो थेट माझ्या केबिनशी.

"काय म्हणाल्या?"

"म्हनली, एकट्यानंच पुण्य साठवत हुतास व्हय?"

आता शिक्का उरला. गंगारामला पटले होते, तरी त्या कुपनावरची शनिवारची तारीख त्याच्या डोळ्यांपुढे येणारच होती. मी दांडेकरांना म्हणाले, शिक्का रात्री नको, सकाळी फिरवू या.

"एका माणसासाठी कारखान्याची तारीख बदलायची?"

"थर्ड शिफ्टचा पगार तुम्ही कोणत्या दिवसाचा धरता, साहेब?"

"शिफ्ट सुरू झाली त्या दिवसाचा. शुक्रवारचा."

"मग ताटही शुक्रवारचंच आहे."

त्यांनी पेनचे टोपण दोनदा लावले, काढले आणि सही केली. डॉक्टरांना मी पुन्हा भेटले. या वेळी त्यांनी मान वर केली. शनिवारची गोळी दिवेलागणीच्या जेवणावर टाकली आणि शुक्रवारची निम्मी केली.

त्याच्या पुढच्या थर्ड शिफ्टच्या शेवटी, शनिवारी, मी सुट्टी असूनही सकाळी गेटवर गेले. धुके होते. आतून प्रेसचे ठोके ऐकू येत होते; एकेक ठोका पडे आणि मी पुढच्याची वाट पाही. मग ठोके थांबले. शिफ्ट सुटली. माणसे पंचिंगच्या घड्याळाशी रांगेने येऊ लागली, डोळे चोळत, जांभया देत. त्यांच्यात गंगाराम होता. चेहरा कोरडा. त्याने मला पाहिले आणि दोन्ही हात वर करून पंजे उघडून दाखवले. सगळी बोटे जागेवर होती.

त्यानंतरच्या थर्ड शिफ्टही नीट गेल्या. तो प्रेसवर राहिला. "चार्ट सुधारलात वाटतं," दांडेकर एकदा म्हणाले. थोडासा, असे मी सांगितले. पुढे मी प्रत्येक कामगाराला उपास करता का, एवढेच विचारून थांबले नाही. कधी लागतो, कधी सुटतो आणि तुमच्याबरोबर कोण सोडते, हेही विचारू लागले. तिसऱ्या प्रश्नाला कॅलरी नसते. पण त्याचे उत्तर कळले नाही, तर पहिल्या दोन उत्तरांचा फारसा उपयोग होत नाही.

भातकापणी झाल्यावर देवकाबाईंचा निरोप आला, बाईंना घेऊन ये. एका शनिवारी गंगारामबरोबर मी निघाले. सुरगाण्यापुढे जीप. मांडीला मांडी लावून बसलेली माणसे, ओल्या पेंढ्याचा वास, वळणागणिक खाली जाणारे ऊन. पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. देवकाबाई बारीक चणीच्या, हिरव्या लुगड्यातल्या. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिले आणि नवऱ्याला म्हणाल्या, ही तर तुझ्यापेक्षा वाळलेली हाय. गंगाराम खाली बघून हसला.

अंधारून आले. त्यांनी दिवा लावला. सारवलेल्या जमिनीवर दोन ताटे मांडली, नवऱ्याकडे एकदा पाहिले, आणि तिसरे आणले. नागलीची भाकरी, उडदाचे वरण, नवा भात. भाकरीचा धुरकट, गोडसर वास आला. सवयीने माझ्या मनात आकडे जमू लागले. उपास तुमचा आहे, आधी तुमचे होऊ द्या, मी नंतर बसते, असे मी म्हणाले. गंगारामने घास उचलला नाही. देवकाबाईंनीही नाही. दोघेही थांबले होते.

कितीतरी वर्षांत मला कोणी एकेरी हाक मारलेली नव्हती. मी सगळ्यांची मॅडम होते. देवकाबाईंनी ताट माझ्याकडे सरकवले, आणि पोरीला सांगावे तसे म्हणाल्या,

"जेव."