चिक्कूदादांचा सेल

मी शेजारच्या ओट्यावर चढलो की दादांचा हात शर्टाच्या खिशाकडे जायचा. खिशात कानाचं यंत्र, काडेपेटीएवढं, त्याची वायर कानापर्यंत गेलेली. खट्. यंत्र बंद.

"सेल वाचवतो रं," ते हसून म्हणायचे. "तू बोल."

आणि मी बोलायचो. मोहोपाड्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन कळंबला परतलो, तेव्हापासून मला ऐकणारं माणूस हवंच होतं. शेजारचे दादा सापडले. कारखान्यातली सगळी भांडणं मी त्या बंद यंत्राला सांगितली. वर गावभर सांगत सुटलो, की म्हातारा एका पेन्सिल सेलसाठी जीव टाकतो. 'चिक्कूदादा' हे नाव मीच पाडलं. दादा गेले तरी ते नाव अजून गावात आहे, म्हणून हे लिहितोय.

उपायही मीच काढला. कर्जतहून चार्जर आणि चार्जिंगचे सेल आणले. "कशेळ्याच्या दुकानातला सेल संपला की फेकायचा. हा पुन्हा पुन्हा भरतो. आता दिवसभर चालू ठेवा!"

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चढलो. हात खिशाकडे गेलाच. खट् व्हायच्या आत मी विचारलं,

"आता काय वाचवताय, दादा? चार्जिंगचा आहे!"

"त्यालाबी इसावा नको व्हय रं?"

त्यांची सून तांदूळ पाखडत होती. हसू दाबत म्हणाली, "काका, मामंजी घरात कदीच बंद करीत नाय. तुमी आलात की मगच."

म्हणजे दादा चिक्कू नव्हते. मीच लांबण लावणारा होतो. काही दिवस रुसून बसलो, मग पुन्हा गेलो. जाणार कुठे?

शेवटच्या आजारात ते खाटेवर होते. मी गेलो तसा हात खिशाकडे गेला. बंद करतायत असं समजून मी मागे फिरलो.

"बस रं. पडून असलो की बंदच असतं. आता चालू केलंय. बोल."

मी विचारलं, "सेल कुठला घातलाय?"

"कशेळ्याचा. नवाकोरा. तुजा सेल न सांगता मधीच जातो. ह्यो जायच्या आदी आवाज बारीक करतो, कळतं तरी. आज तुजं बोलणं मधी तुटाया नको."

इतकी वर्षं बडबडलो, आणि त्या दुपारी एक वाक्य सापडलं नाही. दादा कानाला हात लावून वाट बघत राहिले.

दादा गेल्यावर सुनेनं चार्जर मला परत दिला. मी अजून सेल भरून ठेवतो. संध्याकाळी माझ्याच ओट्यावर एकटा बोलत बसतो, आणि मधेच थांबून कान देतो.

खट् होत नाही.