मागच्या जिन्याची वही

सातवी-बने प्रदर्शनातली ती पुठ्ठ्याची लिफ्ट मोडली नव्हती. लिफ्ट मुळात चालतच नव्हती आणि ते मला ठाऊक होतं, कारण ती विकली मीच. फसवलं मी, बक्षीस दिलं शाळेने, आणि माफी मागायला लावली एका बारा वर्षांच्या मुलीला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी दया यायला नको.

लालबागच्या नाक्यापासून आत माझं दुकान आहे. वह्या, कार्डशीट, थर्माकोल, आणि शाळांचे प्रदर्शनाचे दिवस आले की तयार प्रोजेक्ट. ज्वालामुखी, पवनचक्की, सूर्यमाला, हडप्पाचं स्नानगृह, जो पाहिजे तो किल्ला. फुटपाथवर वह्यांची कव्हरं विकण्यापासून सुरुवात केली होती, तेव्हा गिऱ्हाईक काय बघतं ते मला चांगलं कळतं. गिऱ्हाईक रंग बघतं. म्हणून प्रत्येक मॉडेलबरोबर मी सोनेरी अक्षरांतली एक पाटी फुकट देते : 'हात लावू नये.' ती पाटी बघून मुलांच्या आया खूश होतात.

सातवी-बला रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं, "नाव काय गो तुझं?" तर म्हणाली, "सातवी ब." तिला वाटलं, वर्गाची यादी बघून मी सामान देणार. तेव्हापासून ती माझ्यासाठी सातवी-बच. दोन वेण्या, एका हाताला कायम शाईचा डाग, आणि दुकानात शिरल्यावर आधी वस्तू हातात घेऊन उलटी करून खालून बघायची सवय. मी ओरडायचे, "ठेव खाली! घ्यायचंय का?" ती म्हणायची, "घ्यायचं नाही काकी, कसं केलंय ते बघतेय."

माझ्याशी घासाघीस करणारे पुष्कळ येतात. बहुतेकांना अर्ध्या मिनिटात गार करते. ही पोर मात्र भाव कमी करायला सांगायचीच नाही. वस्तूच कमी करायची. "पूर्ण पाकीट नको, दोन टाचण्या द्या." "अख्खी शीट नको, एवढा तुकडा बस झाला." मी म्हटलं, "मी काय देवळाबाहेर किरकोळ विकायला बसलेय?" तर शांतपणे म्हणाली, "उरलेलं मी टाकून देणार. मग ते तुमच्याकडे असलेलं बरं ना?" मी तुकडा कापून दिला.

त्या वर्षी ती एका सिरिंजसाठी आली. सुई नसलेली, औषध पाजायची असते तसली. प्रदर्शन तोंडावर आलेलं, सगळा माल लिफ्टच्या मॉडेलात गेलेला. त्या लिफ्टमध्ये दोन सिरिंज असतात, मध्ये पाण्याची नळी. बाहेरची दाबली की आतली वर उचलते आणि पुठ्ठ्याची लिफ्ट चढते. मी म्हटलं, सुटी नाही. ती हलेना.

"विकत नको काकी. चार दिवस वापरून परत देते."

"काय करणार एका सिरिंजचं?"

"पायऱ्या मोजणार."

मला वाटलं चेष्टा करते. पण तिने समजावलं. काळाचौकीच्या तिच्या चाळीला दोन जिने, पुढचा आणि मागचा, दोन्ही दगडी, एकाच वेळचे. प्रत्येक पायरी मध्ये झिजून वाटीसारखी झालेली. त्या वाटीत सिरिंजने पाणी भरत जायचं, बाहेर सांडायला लागलं की थांबायचं. किती सिरिंज मावल्या, तितकी पायरी झिजली. "पुढचा जास्त झिजला असेल," ती म्हणाली, "सगळे पुढूनच जातात. पण तो अंदाज झाला."

का कोण जाणे, मी मागे गेले आणि एका तयार लिफ्टचा तळ फाडून आतली सिरिंज ओढून काढली. बाहेरून कळत नव्हतं. तिने वही उघडली. वहीत 'साहित्य कुठून मिळाले' असा रकाना होता. "ही नवीन आहे का काकी?" मी म्हटलं, "नवीन. पाकिटातली." तिने लिहिलं : नवीन.

चौथ्या दिवशी संध्याकाळी एक बाई धावतपळत आल्या. मुलाचं प्रदर्शन उद्यावर, काहीतरी द्या. सिरिंज काढलेली तेवढीच लिफ्ट उरली होती. "चालते ना हो?" "चालते," मी म्हटलं. विसरून बोलले असं सांगितलं तर सोपं जाईल. विसरले नव्हते. दुकानात गर्दी होती, बाईंच्या हातात पर्स उघडी होती, आणि तोंडातून गेलं. मग दोन दिवस भांडणाची तयारी करून बसले. काय बोलायचं तेही ठरवलं होतं : तुम्हीच आपटली असेल, रिक्षात हिंदकळली असेल.

बाई आल्या त्या पेढे घेऊन. लिफ्टला पहिलं बक्षीस मिळालं होतं! "फिनिशिंग फार आवडलं परीक्षकांना." मी पेढा खाल्ला.

त्याच आठवड्यात सातवी-ब आली, सिरिंज स्वच्छ धुऊन रुमालात गुंडाळून. "उशीर झाला काकी. तीनदा मोजलं." मी म्हटलं, एकदा मोजलं असतं तर काय झालं असतं? ती म्हणाली, "एकदा मोजलं तर नशीब. तीनदा तेच आलं तर मोजमाप." चाळीतले ओरडत होते, पाण्यावरून कुणी घसरेल म्हणून. ती प्रत्येक पायरी मोजून झाली की फडक्याने कोरडी करायची, मग पुढची.

आणि अंदाज साफ चुकला होता. पुढच्या पायरीत सात सिरिंज मावायच्या, मागच्या तशाच पायरीत अकरा. का, ते विज्ञानाच्या पुस्तकात सापडेना. म्हणून ती दुसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीकडे गेली. म्हातारीने सांगितलं, तिच्या सासूची तिथे खानावळ होती. तिन्ही पाळ्यांचे गिरणी कामगार जेवायला यायचे. पण पुढच्या खोल्यांत कारकून राहायचे, त्यांना ही वर्दळ नको होती. घरमालकाने ठरवलं, जेवायला येणाऱ्यांनी मागून यायचं, मागून जायचं. चार सिरिंजचा फरक तो हा.

विज्ञानाचा एक आणि इतिहासाचा एक, असे दोन प्रकल्प द्यायचे होते. हिने दोन्हींना मिळून एक वही दिली. विज्ञानाचे सर म्हणाले, हा इतिहास झाला. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, ही तर गणितं आहेत, राजा कुठे आहे? दोघांनी 'बरा' शेरा दिला.

"मग रडलीस?" मी विचारलं.

"नाही. दोघांनी एकेकदाच बघितलं. ते मोजमाप नाही."

शेवटच्या पानावर 'मी काय शिकले' लिहायचं असतं. सगळी मुलं लिहितात, मला खूप माहिती मिळाली. हिने लिहिलेलं तिने मला तोंडपाठ म्हणून दाखवलं : "माझा अंदाज चुकला. चाळ कोणी बांधली ते दारावर कोरलेलं आहे. पायऱ्या कोणी झिजवल्या ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिलं. किती वर्षांत झिजल्या ते मला माहीत नाही."

"माहीत नाही असं लिहिलंस?"

"माहीत नव्हतं ना."

मग तिने प्रदर्शनात काय झालं ते सांगितलं. लिफ्टसमोर उभी राहून तिने विचारलं, दाबून बघू का? कुणी उत्तर दिलं नाही. तिने माझ्या सोनेरी पाटीवरून हात पुढे केला आणि दाबली. लिफ्ट हलली नाही. झालं, बक्षिसाची लिफ्ट हिने मोडली असा गोंधळ. माफीनामा लिही म्हणाले. तिने लिहिला : "मी विचारून थांबले नाही, त्याबद्दल माफी मागते. मोडल्याबद्दल मागत नाही, कारण मी मोडली नाही. ती चालत नव्हती." तो कागद शाळेने परत दिला आणि नीट लिहून आणेपर्यंत वही ठेवून घेतली.

एवढं सांगून ती सिरिंजकडे बघत उभी राहिली. "काकी, ही नवीन नव्हती. हिच्या टोकाला गोंद होता." मग तिने वर फळीवरच्या मॉडेलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मी वहीत 'नवीन' लिहिलंय. ते खोडायला हवं."

मी तिच्यावर ओरडले. "गिऱ्हाइकांचा खोळंबा होतो, चल निघ!" एकही गिऱ्हाईक नव्हतं. तिने रुमालाची घडी घातली आणि गेली. शाळेत जाऊन माझं नाव सांगू शकली असती. नाही सांगितलं. गोंदावरून अंदाज झाला होता, मोजमाप नव्हतं, एवढंच कारण असणार.

मे महिन्यात त्यांची चाळ रिकामी झाली. पुनर्विकास. तिचं घर कल्याणच्या पुढे कुठेतरी भाड्याच्या खोलीत गेलं, शाळाही बदलली. पत्रे लागले, मशीन आलं, आणि दोन्ही जिने चार दिवसांत खडी होऊन ट्रकमधून गेले. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. अकरा सिरिंजची पायरी कुठली ते मला ओळखता आलं नाही.

तेव्हा मी सिरिंज घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, लिफ्टच्या पोटातली ही, मी काढलेली. ती मुलगी खरं बोलली. तिची वही द्या आणि तिने मोडली नाही असं एका ओळीत लिहून द्या. बाई म्हणाल्या, "अहो, एवढ्या-तेवढ्या प्रोजेक्टचं काय घेऊन बसलात? वह्या दर वर्षी रद्दीत जातात." मी विचारलं, परीक्षकांपैकी कोणी लिफ्ट दाबून पाहिली होती? त्या म्हणाल्या, "त्यावर पाटी होती ना, हात लावू नये."

पाटी माझी होती. त्या दिवसापासून एकही पाटी दिलेली नाही. तयार मॉडेल विकते, पोट आहे मला, पण गिऱ्हाइकासमोर दाबून दाखवते आणि सिरिंज सुटी मागितली तर सुटी देते. बाहेरच्या फळ्यावर माझ्या नावानिशी लिहून ठेवलंय : लिफ्टमधली सिरिंज मी काढली होती. शाळेतल्या मुलांच्या आया वाचतात आणि पलीकडच्या दुकानात जातात. जाऊ देत.

मी केलं ते मी लिहिलं. आता शाळेने लिहावं. त्या मुलीची वही कोणी रद्दीत घातली, आणि न चाललेल्या लिफ्टला पहिला नंबर कोणी दिला? शाळा माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर आहे. मी दर महिन्याला जाऊन विचारते. दोनदा शिपायाने फाटकातून परत पाठवलं. तिसऱ्यांदा उद्या जाणार आहे, आणि तीनदा तेच उत्तर आलं तर ते मोजमाप समजून फळ्यावर लिहिणार आहे.