न सांडलेलं पाणी

मोटारींच्या त्या वर्कशॉपमध्ये त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. मॅनेजरपासून गाड्या धुणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना पेलाकाका म्हणत. नव्या गाडीबद्दल कुरकूर घेऊन कुणी आलं, की काका आपला स्टीलचा पेला पाण्यानं भरत, पुढच्या काचेमागच्या सपाट जागेवर ठेवत, गिऱ्हाइकाला शेजारी बसवत आणि बाजारातून, पुलाखालून, शाळेपुढच्या खड्ड्यांवरून गाडी फिरवून आणत. परत आल्यावर इंजिन बंद करून पेल्याकडे नुसतं बोट दाखवत. थेंब सांडलेला नसे. मग ते पाणी स्वतःच पिऊन टाकत आणि म्हणत, "गाडी ठणठणीत आहे हो. पाय तेवढा हलका ठेवा."

गिऱ्हाईक आलेलं असायचं भांडायला, जायचं ओशाळून. पाण्यानंच साक्ष दिल्यावर माणूस बोलणार काय, कपाळ?

गाडी बनवणाऱ्या कंपनीचा नियमच तसा होता. एकाच गाडीची तीच तक्रार तिसऱ्यांदा आली, की ती वर कळवावी लागे. मग कंपनीचा साहेब येई, सतरा प्रश्न विचारी आणि मॅनेजरची झोप उडवी. म्हणून तिसरी वेळ येऊच द्यायची नाही, यात वर्कशॉपचं सगळं कसब. पहिल्यांदा आलेल्याशी गोड बोलायचं, दुसऱ्यांदा आलेल्याला काकांच्या शेजारी बसवायचं. "सगळी पेल्यातली वादळं," मॅनेजर हसून म्हणायचा, "आणि पेला आपल्या काकांचा!"

काका लबाड नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. मॅनेजर लबाड होता, पण काकांचा आपल्या हातावर खरोखर विश्वास होता. गाडीत दोष असता तर तो आपल्याला दिसला असता, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. माणसाला स्वतःच्या कसबाची नशा चढली की ती दारूपेक्षा वाईट, कारण ती कधी उतरत नाही आणि लोक वर शाबासकी देतात.

अशात एके दिवशी एक बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, साठी उलटल्यावर गाडी शिकलेल्या. नवऱ्याची उजवी बाजू लुळी पडली होती आणि त्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शिकल्या. "या वयात कसले उद्योग!" म्हणून मुलगा हसला होता, तरी शिकल्या. आता तोच मुलगा परगावाहून येऊन मागच्या सीटवर बसला होता आणि दुसऱ्या खेपेला बाई काकांना तेच सांगत होत्या.

"वळताना गाडी एकदम बंद पडते हो. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेकही दाबला जात नाही. परवा हे शेजारी बसले होते आणि समोरून ट्रक आला. माझ्या हातापायातलं त्राणच गेलं."

"बघू की," काका म्हणाले आणि त्यांनी पेला भरला.

फेरी झाली. गाडी लोण्यासारखी वळली. पाणी जागच्या जागी होतं. काकांनी ते पिऊन टाकलं. "बाई, गाडीत काही नाही. आता या वयात हात बसायला जरा वेळ लागणारच."

बाई रिकाम्या पेल्याकडे बघत राहिल्या. आयुष्यभर मुलांच्या चुका काढलेल्या त्या. हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझंच चुकतंय."

"तसं नाही हो," काका म्हणाले. पण ते अशा सुरात म्हणाले, की त्याचा अर्थ तसंच असा व्हावा.

"ऐकलंस ना आई?" मुलगा मागून म्हणाला. त्यानं काकांच्या हातातून चावी घेतली आणि आपल्या खिशात टाकली. बाईंनी हात पुढे केला होता, तो तसाच मागे घेतला. काकांना ते दिसलं होतं, पण दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी काकांनी घरातलं कपाट सरकवताना ते उजव्या पायावर आपटून घेतलं. पाय सुजून भोपळा झाला. बायको पट्टी बांधताना म्हणाली, "गाडीला फुलासारखं जपता, आणि घरात आलात की हे असं! आता चार दिवस गप पडून राहा."

"मी नाही गेलो तर तिथलं काम अडेल."

"काही अडत नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

तरी काका लंगडत कामावर गेलेच. त्या दिवशी एक औषधांचा दुकानदार आला होता. गाडी बाईंच्याच बनावटीची, तक्रारही तीच आणि खेपही दुसरी. काकांनी सवयीनं पेला ठेवला आणि निघाले. पुलाखालच्या वळणावर त्यांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, तेवढ्यात ठणका थेट मांडीपर्यंत गेला आणि पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन उचलला गेला. इंजिन गपकन बंद पडलं. स्टिअरिंग हलेना. मागून बस भोंगा वाजवत अंगावर येत होती, समोर कठडा होता. काकांनी दुखऱ्या पायानं ब्रेकवर सगळं वजन टाकलं, तेव्हा कुठे गाडी कठड्याला खेटून थांबली. पेला कलंडला आणि पाणी त्यांच्या मांडीवर सांडलं.

"हेच! हेच ते!" दुकानदार ओरडला. मरतामरता वाचलेला माणूस इतका आनंदानं ओरडलेला काकांनी कधी पाहिला नव्हता. "बघितलंत ना? मी खोटं बोलत नव्हतो!"

काका गाडी घेऊन परत आले. वर्कशॉपच्या मागच्या मैदानात त्यांनी एकट्यानं ती गाडी पुन्हा पुन्हा वळवली. नेहमीसारखी वळवली तर काही होत नव्हतं. वळताना पाय पूर्ण उचलला, की मधेच कधीतरी इंजिन मरत होतं. आणि काका तर वळताना पाय कधीच पूर्ण उचलत नसत. बोटाएवढा दाब ठेवायचा, ही त्यांची जन्माची सवय. त्या दाबानं इंजिन जिवंत राहत होतं. इतकी वर्षं ज्या हलक्या पायाचं कौतुक झालं, त्यानंच दोष झाकला होता. साधी माणसं साध्यासारखी गाडी चालवत होती, आणि काका त्यांना सांगत होते की तुम्ही चुकता. काकांना भडभडून आलं. ते मैदानात गाडीतच बसून राहिले.

मग ते मॅनेजरकडे गेले. मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं, उठून केबिनचं दार लावलं आणि म्हणाला, "काका, कंपनीला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"इंजिनला हवा देणारा एक भाग आहे, तो दगा देतो. सुधारलेला भाग आलाय आपल्याकडे. सर्व्हिसिंगला जी गाडी येईल तिच्यात बदलून टाकायचा. बिल नाही, बोलणं नाही."

"मग लोकांना बोलावून घेऊ ना सगळ्यांना."

"बोलावलं की बभ्रा होतो. वरून हुकूम आहे, बोलवायचं नाही."

"आणि जे येतच नाहीत ते?"

"जे येत नाहीत, त्यांची तक्रार नाही," मॅनेजर म्हणाला. वा रे न्याय! ज्यांना आपणच ओशाळं करून घरी पाठवलं, ते पुन्हा कोणत्या तोंडानं येतील? "आणि काका, बाहेर कुठे बोलू नका. निवृत्ती तोंडावर आलीय तुमची. सुखाचा जीव दुःखात कशाला घालता?"

घरी काकांनी बायकोला सगळं सांगितलं. नोकरीवर गदा येईल, हेही सांगितलं. तिनं त्यांच्या पायाची पट्टी सोडून पुन्हा नीट बांधली. मग म्हणाली, "त्या बाईंना जाऊन सांगून या. नाहीतर असेच कुढत बसाल आणि मला ते बघवणार नाही."

बाईंची गाडी काकांनी एकदा घरपोच केली होती, म्हणून घर माहीत होतं. दार बाईंनीच उघडलं. खिडकीपाशी खुर्चीत त्यांचा नवरा बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला. काकांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"बाई, तुमचं चुकत नव्हतं. गाडीतच दोष होता. मला कळला नाही."

बाई खिडकीपाशी गेल्या. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंत का?" मग काकांना म्हणाल्या, "यांचा हात थोडा वर यायला लागला होता हो. दवाखान्यात जाणं सुटलं आणि पुन्हा पहिल्यासारखा झाला. भाड्याच्या गाडीवाल्यांना यांना उचलून बसवायचं जिवावर येतं."

काकांना मान वर करवेना.

बाईंनी मुलाला फोन लावला आणि तो काकांपुढे धरला. "याला सांगा. माझं त्यानं कधी ऐकलं नाही, तुमचं ऐकलं होतं."

काकांनी सांगितलं. चूक आईची नव्हती, माझी होती, असं स्पष्ट सांगितलं. पलीकडून मुलगा हसून म्हणाला, "मग विकली तेच बरं झालं की! सुंठीवाचून खोकला गेला." बाईंनी फोन बंद केला.

"गाडी विकली?" काकांनी विचारलं. "कुणाला?"

"यांच्या दवाखान्यातल्या नर्सला. गरीब पोर आहे, आत्ता आत्ता शिकलीय. ती घ्यायला घाबरत होती, तर मीच म्हटलं तिला," आणि बोलता बोलता बाईंचा चेहरा उतरला, "म्हटलं, डोळे मिटून घे. पेला ठेवून चालवलेली गाडी आहे, थेंब सांडला नव्हता."

त्यांनी नर्सचा नंबर लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. पोरगी हसतच बोलली. "बाई! मी आत्ता तुमच्याच गाडीत बसलेय, कामावर निघालेय. गाडी एकदम छान आहे हो. मलाच मेलीला जमत नाही अजून. वळताना बंद पाडते. काल तर भर चौकात बंद पाडली, लोकांनी केवढ्या शिव्या दिल्या! पण बसेल हात हळूहळू."

काकांनी फोन ओढून घेतला. "पोरी, उतर खाली. गाडी सुरू करू नकोस. मी वर्कशॉपमधला पेल्यावाला काका बोलतोय. तुझं काही चुकत नाही."

"नाही हो काका," ती समजूत घालत म्हणाली, "तुम्ही मला चालवताना बघितलं नाहीत. माझाच पाय जड आहे."

"उतर म्हणतो ना! मी येतोय तिकडे. चावी काढ आणि उतर."

काका लंगडत दाराकडे निघाले. बाईंनी नवऱ्याच्या हाताशी पाण्याचं भांडं ठेवलं, खांद्यावर हात ठेवून "आलेच" म्हणाल्या आणि चपला घालून त्यांच्या मागोमाग बाहेर पडल्या.

"तुम्ही कशाला येताय बाई?"

"ती तुमचं ऐकणार नाही," बाई म्हणाल्या. "मी घ्यायला लावलीय तिला."